मुंगीचं नाव

माझा धाकटा भाऊ आणि माझी भावजय, दोघंही दगडांतले प्राणी बघण्याचं काम करतात. त्यांचं लग्नही त्याच कामातून जमलं. म्युझियमच्या मागच्या अंगाला लांबलचक खोल्या आहेत, कपाटांनी गच्च भरलेल्या. त्यांतल्या एका खोलीत तो बसतो, दुसरीत ती. मी शिवणकाम करते. घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान, मागच्या दोन खोल्यांत मी राहते. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. रविवारी दुपारचं जेवण भाऊ-भावजय माझ्याकडे करतात, म्हणजे करायचे. त्यांच्या कामातलं मला जे काही कळतं, ते त्या जेवणाच्या टेबलावर ऐकलेलं.

जीवाश्म म्हटलं की लोकांना मोठाली हाडं आठवतात. हे दोघं बघतात ते त्याच्या कितीतरी आधीचं. तेव्हा जमिनीवर काहीच नव्हतं. समुद्राच्या तळाशी काही प्राणी पसरून पडलेले असायचे. त्यांना तोंड नाही, डोळे नाहीत, पाय नाहीत. चपटं लांबट अंग, मधोमध एक रेघ आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या, रजईला टीप घातल्यासारख्या. भावानं पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी निरखून बघितलं, तर डावीकडची पट्टी उजवीकडच्या पट्टीसमोर येतच नव्हती, अर्ध्यानं सरकलेली होती. मी म्हटलं, "हे कुठल्या शिंप्यानं शिवलंय रे? दोन बाजू जुळेनात." तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "ताई, याच्यावर लोकांनी आयुष्यं घालवलीत," म्हणाला. तेव्हा तो हसायचा.

त्यांना एकच मुलगी झाली, तीही दिवस भरायच्या आधी. दवाखान्यात मी तिला उचललं तर माझ्या दोन तळहातांत मावत होती. मी म्हटलं, "ही कसली पोर, ही तर मुंगी!" तेच नाव चिकटलं. शाळेत वेगळं नाव घातलं होतं, पण त्या नावानं हाक मारली तर ती वळूनही बघायची नाही. अंगानं बारीक, डोकं तेवढं मोठं. तिच्या फ्रॉकांना मी खांद्यावर बटणं लावायची, कारण गळ्यातून डोकं जायचं नाही. लहान पोरांचे कपडे शिवताना आम्ही शिलाईत माया सोडतो, म्हणजे पोर वाढली की उसवून सैल करता येतात. मुंगीच्या फ्रॉकांत मी बोटभर माया सोडायची. ती उसवायची वेळ आली नाही. नुकतीच पहिलीत गेली होती. ताप आला, दोन दिवसांनी तो डोक्यात गेला म्हणाले, आणि आठवडा संपायच्या आत सगळं आटोपलं.

भावजय रडली, आजारी पडली, उठली आणि कामाला लागली. भाऊ रडलाच नाही. रोज वेळेवर कामावर जायचा आणि म्युझियमच्या जुन्या कपाटांतले खण एकेक करून उपसायचा. कुणी सांगितलं नव्हतं. त्या खणांत कधीकाळी गोळा करून ठेवलेले दगडाचे तुकडे होते आणि त्यांच्यावर नखाएवढे पुसट ठसे. आधीच्या लोकांनी ते बिघडलेले म्हणून बाजूला टाकले होते. भाऊ ते दिव्याखाली धरून बसायचा. वर्षभरानं त्यानं जाहीर केलं की हा एक वेगळा प्राणी आहे, अगदी लहान, थोड्याच पट्ट्यांचा, डोक्याकडचा भाग मोठा असलेला. आजवर कुणी ओळखला नव्हता. त्यांच्यात जो शोधेल त्यानं नाव ठेवायचं असतं. त्यानं मुंगीचं नाव ठेवलं, शेवटी ते लोक लावतात तसं परकं शेपूट लावून.

भावजयीला त्यानं विचारलं नव्हतं. छापून आल्यावर तिच्यापुढे ठेवलं. तिनं वाचलं, पान मिटलं आणि म्हणाली, "नीट लिहिलंयस." तिला बरं वाटलं की वाईट, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

म्युझियमच्या मोठ्या दालनात त्या प्राण्यासाठी काचेची पेटी केली. खाली पितळेची पाटी. शाळांच्या सहली यायच्या, पोरं पाटी मोठ्यानं वाचायची. भाऊ कधीकधी दालनात नुसताच उभा असायचा. मला एकदा म्हणाला, "ताई, रोज कुणी ना कुणी तिचं नाव घेतं. पोरांच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं." बुडत्याला काडीचा आधार. त्याची काडी दगडाची होती एवढंच.

अशी बरीच वर्षं गेली. मग गेल्या साली एका खाणीतून म्युझियमला निरोप आला. एका नव्या इमारतीसाठी फरशा काढताना एका थराच्या खालच्या बाजूला नक्षी निघाली होती. फरशी ट्रकनं आली आणि भावजयीच्या खोलीत उभी राहिली. तिचं काम वाढीचं. म्हणजे हे प्राणी लहानाचे मोठे कसे होत असतील, नवी पट्टी कुठल्या टोकाला येत असेल, आधी पट्ट्यांची संख्या वाढते की आहेत त्याच पट्ट्या रुंदावतात, हे ती मोजते. तिनं त्या फरशीवर पातळ रबर फासलं, वाळल्यावर सोलून काढलं, खोलीत अंधार केला आणि बाजूनं दिवा धरला. दिवा तिरका धरला की ठसे उठून दिसतात.

काही दिवसांनी एका दुपारी ती माझ्या दुकानात आली. गिऱ्हाइकं बसायच्या स्टुलावर बसली. मी बाही जोडत होते.

"ताई, मशीन जरा बंद करता?"

मी पाय काढला.

"त्या नव्या फरशीवर मोठे प्राणी आहेत. शेजारी मुंगीच्या नावाचे छोटेसुद्धा आहेत, पुष्कळ. आणि मधले आहेत."

"मधले म्हणजे?"

"मधल्या मापाचे. आजवर आम्हाला एकतर मोठे मिळायचे नाहीतर ते नखाएवढे. मधे काहीच नव्हतं, म्हणून तर दोन वेगळे प्राणी धरले. आता मधलेही सापडले. वाळूचा एकच लोट आला असणार आणि सगळे जागच्या जागी गाडले गेले, लहानथोर सगळे. मी सगळी मापं घेतली. लहानापासून मोठ्यापर्यंत सरळ एक रेघ जाते, कुठे तुटत नाही." ती थांबली. "मुंगी वेगळा प्राणी नाही, ताई. तो त्या मोठ्याचंच पिल्लू आहे."

मला लगेच उमगलं नाही. मी विचारलं, "मग त्यात वाईट काय?"

"एका प्राण्याला दोन नावं चालत नाहीत. आधीचं नाव राहतं. मोठ्याला आमच्या जन्माआधीच कुणीतरी नाव दिलंय. म्हणजे हे नाव जाणार."

बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं. कुलपाची साखळी वाजली, तसं मी विचारलं.

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग सांगू नकोस," मी म्हटलं. "फरशी भिंतीला तोंड करून ठेव. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाचं काय अडलंय?"

"मला कळलंय ना," ती म्हणाली. आवाजात चीड नव्हती, दमणूक होती. "मी रोज त्याच्यासमोर जेवायला बसते."

पुढच्या रविवारी तिनं सांगितलं, माझ्याच घरी, ताटं उचलल्यावर. बहुधा तिला तिसरं माणूस हवं होतं. तिनं फोटो काढून टेबलावर मांडले, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं. भावानं चष्मा लावला आणि पहिल्या क्षणीच त्याला कळलं. मी त्याला लहानपणापासून ओळखते. घाबरला की त्याचे कान लाल होतात.

तरी तो भांडला. "डोक्याकडचा भाग बघ. मुंगीचा जवळजवळ निम्म्या अंगाएवढा आहे. मोठ्याचा जेमतेम टोकाला. हे एकच कसं असेल?"

"लहान पोराचं डोकं अंगाच्या मानानं मोठंच असतं," भावजय म्हणाली आणि तिनं ओठ मिटून घेतले. निघालेला शब्द परत घेता येत नाही.

भाऊ फोटोकडेच बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "नवी पट्टी कुठून येतेय?"

"मागच्या टोकाकडून. हे बघ, इथे बारीक बारीक आल्यात. आधी पट्ट्या वाढत जातात. मग नव्या यायच्या जवळपास थांबतात आणि आहेत त्याच फुगत जातात."

"आणि डोक्याचा भाग?"

"तो फारसा वाढत नाही. बाकीचं अंग वाढतं, म्हणून तो लहान वाटायला लागतो."

त्यानं मधला एक फोटो उचलला, खिडकीपाशी नेला. कितीतरी वेळ पाठमोरा उभा होता. "चांगले ठसे आहेत," म्हणाला. मग म्हणाला, "थांबशील?"

"किती?"

"मी रिटायर होईपर्यंत. मग दालनात मला जायला नको."

"थांबते," ती म्हणाली.

मला वाटलं, मिटलं. पण त्यानंतर त्या दोघांचं बोलणं आटलं. आधी जेवताना त्यांच्या कामाचं ऐकून ऐकून माझे कान किटायचे. आता भाजीत मीठ आहे का आणि छत्री आणली का, एवढंच. फरशीवर तिनं चादर टाकली होती, असं तिनंच मला सांगितलं. भाऊ तिच्या खोलीत जायचा बंद झाला. पूर्वी तो दालनात उभा राहायचा, तेही बंद झालं. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "पोरं वाचतात तेव्हा आता खोटं वाचतात असं वाटतं." म्हणजे ज्यासाठी थांबायचं, ते तर आधीच गेलेलं होतं. पण हे त्याला सांगायची माझी छाती झाली नाही.

उन्हाळा सरता सरता तिला एक फोन आला. दूरदेशी एक संशोधक आहे, त्याच्याही वाट्याला तसलीच फरशी आली होती, तसलेच मधले. माणूस सभ्य. वाढीचं काम तिचं, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून आधी विचारलं. तुमच्याकडे काही असेल तर बरोबर लिहू, नसेल तर मी एकटा लिहून टाकतो, असं म्हणाला.

त्या रविवारी ती जेवली नाही. भावाला सगळं सांगितलं.

भाऊ म्हणाला, "मग त्यालाच लिहू दे."

"तू नीट ऐकलंस ना? आता नाव जाणारच आहे. थांबून उपयोग नाही."

"ऐकलं. त्याला लिहू दे म्हणतोय मी. परक्यानं खोडलं तर तो एका ठशाचं नाव खोडेल. त्याला बाकी काही माहीत नाही. तू कशाला?"

"माहीत नाही म्हणूनच नको." तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता. "तो एका ओळीत लिहील, हे नाव रद्द. झालं. तू वर्षभर खण उपसून ते ठसे वाचवलेस, हे कोण लिहिणार? तुझी मापं बरोबर होती, फक्त मधले तुला मिळाले नव्हते, हे तो लिहील? माझ्या पोरीचं नाव पुसायचं असेल तर ते मी पुसेन. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

"तुझ्या पोरीचं," भाऊ म्हणाला.

"नाव ठेवताना तू मला विचारलं होतंस?"

हे इतकी वर्षं तिच्या पोटात होतं. भाऊ उठला, चप्पल घातली आणि निघून गेला. ती बसून राहिली. मी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. तिनं तो हातात धरला, पण प्यायली नाही. मी कुणाची बाजू घेणार? एक पाठचा भाऊ, दुसरी बहिणीसारखी. इकडे आड तिकडे विहीर.

दोन दिवसांनी भाऊ बॅग घेऊन माझ्या दारात उभा. "ताई, काही दिवस राहू का?"

"घर तुझंच आहे. पण ती?"

"ती लिहितेय. मला त्या घरात बसून तिच्या लिहिण्याची चाहूल नको."

मी दुकानातली कापडं एका अंगाला सारून त्याची खाट टाकली. सकाळी तो कामावर जायचा, संध्याकाळी परत यायचा, माझ्या मशीनशेजारी बसून पेपर वाचायचा. गिऱ्हाइकं त्याला बिचकायची. एकीनं कानात विचारलं, "शिंपी ठेवलात का?" मी म्हटलं, "हो, पण बटणसुद्धा लावता येत नाही." तो ऐकून कसनुसा हसला.

भावजयीचं लिहून झालं, त्या परदेशी माणसाचं नाव जोडून छापूनही आलं. तिनं एक प्रत माझ्याकडे आणून दिली, त्याच्यासाठी. त्यानं ती रात्रभर उशाशी ठेवली आणि सकाळी न्याहारी करताना वाचली. मी विचारलं, "कसं आहे?"

"एकही चूक नाही," म्हणाला. "माझ्याबद्दल चांगलं लिहिलंय. नको तितकं."

आता पाटीचा प्रश्न आला. म्युझियमच्या संचालकबाई भल्या. त्यांनी निरोप पाठवला की पाटी राहू द्या, बघायला येणाऱ्यांना काय फरक पडतो? पण दालन भावाच्या ताब्यात. तो म्हणाला, चुकीची पाटी माझ्या दालनात राहणार नाही. सोमवारी म्युझियम बंद असतं. त्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला, "ताई, येतेस बरोबर?" मी दुकानाला कुलूप लावलं.

रिकाम्या दालनात आमच्या पावलांचा आवाज घुमत होता. त्यानं पेटीशेजारी नवी पाटी ठेवली. तिच्यावर मोठ्या प्राण्याचं नाव आणि खाली बारीक अक्षरात 'लहान वयाचा' असं होतं. मग पेचकस घेऊन खाली बसला. जुने स्क्रू गंजून घट्ट झाले होते. पहिला निघाला. दुसऱ्याला जोर लावला आणि पेचकस निसटून तळहातात घुसला. तो ओरडला नाही, पण हत्यार जमिनीवर पडून खणखणलं. आतल्या खोलीतून भावजय बाहेर आली. सुट्टीच्या दिवशी ती आत असेल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तिनं रक्त बघितलं, त्याचा हात धरून त्याला कोपऱ्यातल्या नळापाशी नेलं. पाणी वाहत होतं, दोघं वाकून उभी होती. मी माझ्या पिशवीतून स्वच्छ कापडाची पट्टी काढून दिली. तिनं बांधली.

"उरलेली मी काढते," ती म्हणाली.

तो बाजूला झाला. तिनं गुडघ्यावर बसून सावकाश उरलेले स्क्रू काढले आणि नवी पाटी लावली. सरळ लागली का म्हणून तिनं वर बघितलं. "डावीकडे किंचित," भाऊ म्हणाला. तिनं सरकवली.

जुनी पाटी तिच्या हातात होती. मला वाटलं आता ती पाटी घरी नेईल, नाहीतर त्याला देईल. ती काही म्हणायच्या आत भाऊच म्हणाला, "म्युझियमची वस्तू आहे. नंबर घालून खणात ठेवायला हवी." तिनं पाटी त्याला दिली. तो ती घेऊन आत गेला आणि रिकाम्या हातानं परत आला.

मला वाटलं होतं, आता तो तिच्याबरोबर घरी जाईल. पायऱ्या उतरून आम्ही तिघं रस्त्यावर आलो. ती त्यांच्या घराच्या दिशेला वळली. तो माझ्याबरोबर चालू लागला.

तो अजून माझ्याकडेच आहे. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. रविवारी ती जेवायला येते, तिघांचा स्वयंपाक मी करते. आता ती दोघं पुन्हा कामाचं बोलतात, सांभाळून, विरलेल्या कापडाला टाका घालावा तसं. परवा तिनं सांगितलं की त्या फरशीचा आणखी एक तुकडा खाणीत सापडलाय.

भावानं विचारलं, "त्यांना पूर्ण वाढायला किती वर्षं लागत असतील?"

"सांगता येत नाही. झाडांसारखी वर्तुळं नसतात त्यांना. माप कळतं, वय कळत नाही."

"म्हणजे ते मधले किती वयाचे, हे आपल्याला कधीच कळणार नाही."

"नाही," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि ताटातला शेवटचा घास खाल्ला. तिनं स्वतःचं ताट घासून पालथं घातलं, पर्स घेतली. भाऊ तिला सोडायला दारापर्यंत गेला, पायऱ्या मात्र उतरला नाही. मी खिडकीतून बघत होते. कोपऱ्यावरून वळताना तिनं मागे बघितलं नाही. तो बराच वेळ दारात उभा राहिला, मग आत येऊन त्यानं कडी लावली.